सिटकॉमचा चेहरामोहरा सीझनगणिक का बदलतो?

'द ऑफिस' ही अमेरिकन मालिका पहिल्या भागापासून सलग पाहायला घेतली, की पहिला सीझन संपताच एक गोष्ट खटकते. २००५ सालच्या त्या पहिल्या सीझनमधला बॉस मायकल स्कॉट कोत्या मनाचा आणि टोचून बोलणारा आहे, केस मागे चापून बसवलेले. दुसऱ्या सीझनमध्ये तेच ऑफिस, तीच खुर्ची आणि तोच नट, स्टीव्ह कॅरेल. पण आता केस व्यवस्थित आहेत, आणि हा माणूस दुष्ट वाटत नाही. सगळ्यांना आपण आवडावं म्हणून तो धडपडतो आणि त्या धडपडीत माती खातो. मधल्या काळात कथेत असं काहीही घडलेलं नाही की ज्यामुळे त्याचा स्वभाव पालटावा. मग बदललं काय?

सिटकॉमचा, म्हणजे अशा प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा, प्रेक्षकाशी एक अलिखित करार असतो: दर आठवड्याला तीच माणसं, तोच दिवाणखाना किंवा तेच ऑफिस, वीस-बावीस मिनिटांत एक गोंधळ सुरू होणार आणि संपणार. इथे कायम काहीच बदलत नाही, हीच त्यातली गंमत. म्हणून एखादं पात्र गायब झालं, विनोदाचा सूर बदलला, सेटचा रंग पालटला की आपण दुखावतो. थ्रिलरमध्ये माणसं मेली तरी इतकं वाटत नाही.

हे बदल लहरीपणाने क्वचितच होतात. मालिका किती वर्षांची असताना बदल आला एवढं पाहिलं, तरी त्यामागचं कारण बहुतेक वेळा ताडता येतं. पहिल्या-दुसऱ्या सीझनमध्ये मालिका स्वतःला शोधत असते. मधल्या वर्षांत कलाकारांची आयुष्यं आड येतात. सातव्या सीझनच्या आसपास करार संपतात. ही फूटपट्टी काटेकोर नाही, पण उपयोगी आहे.

पहिला सीझन म्हणजे अंदाज

कादंबरी लिहिणारा माणूस शेवटच्या प्रकरणावरून मागे येऊन पहिलं प्रकरण सुधारू शकतो. सिटकॉमच्या लेखकांना ती सोय नसते. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांची जुनी पद्धत अशी: आधी एक नमुन्याचा भाग, म्हणजे पायलट, तयार होतो. मे महिन्यात वाहिनी नव्या मालिका जाहीर करते, त्यानंतर लेखक एकत्र बसतात, उन्हाळा संपता संपता शूटिंग सुरू होतं आणि सप्टेंबरच्या सुमारास पहिला भाग दिसतो. म्हणजे सुरुवातीचे कितीतरी भाग एकाही सामान्य प्रेक्षकाने मालिका पाहिलेली नसताना लिहिले जातात. पुढे तिसरा भाग प्रसारित होत असतो तेव्हा आठव्याचं शूटिंग चालू असतं आणि बाराव्याचं लेखन. चूक कळते तोपर्यंत ती घराघरांत पोचलेली असते.

शिकण्याची खरी जागा म्हणजे शूटिंगची रात्र. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या मालिकांचा आठवडा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून संहिता वाचतात. मग रोज तालीम, आणि दिवसभरात जे जमलं नाही ते लेखक संध्याकाळी पुन्हा लिहितात. शेवटी सेटसमोर बाकांवर प्रेक्षक येऊन बसतात आणि तीन-चार कॅमेऱ्यांवर एकाच वेळी चित्रीकरण होतं. १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'ने ही रीत फिल्मवर रुजवली. एखाद्या वाक्यावर हशा आला नाही, की लेखक कॅमेऱ्यांच्या मागे घोळका करतात, हळू आवाजात दोन-तीन पर्याय सुचवतात, त्यातला एक नटाच्या कानात सांगतात. नट तो तिथल्या तिथे पाठ करतो आणि त्याच प्रेक्षकांसमोर प्रवेश पुन्हा होतो. या वेळी लोक हसले तर नवं वाक्य राहतं. असं आठवड्यामागून आठवडे चाललं की कोणत्या नटाच्या तोंडी काय शोभतं, कोणाच्या नुसत्या बघण्यावर लोक हसतात आणि कोण कितीही चांगलं वाक्य दिलं तरी वाया घालवतं, हे लेखकांना कळत जातं. पुढच्या सीझनमध्ये हसवणाऱ्याला जास्त प्रवेश मिळतात, वाया घालवणाऱ्याला कमी.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण 'हॅपी डेज'. १९७४ मध्ये ही मालिका आली तेव्हा ती १९५० च्या दशकातल्या रिची नावाच्या साध्या मुलाची गोष्ट होती. मोटारसायकलवाला फॉन्झी कडेकडेने वावरणारं पात्र. पहिले दोन सीझन एका कॅमेऱ्याने, सिनेमासारखे शांतपणे चित्रित झालेले, हशा नंतर ध्वनिपट्टीवर चढवलेला. तिसऱ्या सीझनपासून मालिका प्रेक्षकांसमोर आली, आणि कॅमेऱ्यांची संख्या बदलल्याबरोबर अभिनय बदलला, लेखन बदललं, गोष्टीचा नायकही जवळजवळ बदलला. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं म्हणजे आवाज चढवावा लागतो, हालचाल मोठी करावी लागते. फॉन्झी दारातून आत आला की टाळ्या पडायच्या, आणि त्या ओसरेपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागायचं. लेखक मग त्या थांबण्यासाठी जागा ठेवूनच प्रवेश लिहू लागले. तिसऱ्या सीझनमध्ये फॉन्झी रिचीच्या घराच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायलाच आला.

आणि रिचीचा मोठा भाऊ चक? दोन सीझनमध्ये दोन वेगवेगळ्या नटांनी ही भूमिका केली आणि नंतर तो नाहीसा झाला. घरात कोणी त्याचं नाव काढत नाही. पण रिचीला जगाच्या चार गोष्टी सांगणारा, त्याच्या मागे उभा राहणारा मोठा भाऊ म्हणून फॉन्झी पुरेसा होता. एका कामाला दोन पात्रं झाली की कमी हशा मिळवणारं जातं. अमेरिकेत अशा बेपत्ता होणाऱ्या पात्रांना आजही चकच्याच नावाने ओळखतात.

पैशाची टंचाईसुद्धा शैली घडवते. बीबीसीचा 'ब्लॅकअॅडर' १९८३ मध्ये आला तेव्हा किल्ला, घोडे, बाहेरचं चित्रीकरण असा मोठा थाट होता. खर्च फार आणि दाद बेताची. पुढची मालिका, म्हणजे पुढचा सीझन, हवी असेल तर खर्च आटोक्यात आणा, असं बीबीसीने बजावलं. १९८६ ची दुसरी मालिका जवळजवळ सगळी स्टुडिओतल्या मोजक्या सेट्सवर झाली. रिचर्ड कर्टिसबरोबर लिहायला रोअन अॅटकिन्सनच्या जागी बेन एल्टन आला. पहिल्या मालिकेत ब्लॅकअॅडर नेभळट आणि त्याचा नोकर बॉल्ड्रिक त्यातल्या त्यात शहाणा होता. दुसरीत हे उलटं केलं: मालक धूर्त, नोकर मठ्ठ. घोडे गेले, राहिली फक्त तोफखान्यासारखी भाषा. माझ्या मते टंचाईने एखाद्या मालिकेचं इतकं भलं दुसरीकडे कुठे केलेलं नाही.

'द ऑफिस'चंही असंच. पहिला सीझन फक्त सहा भागांचा होता आणि मूळ ब्रिटिश मालिकेच्या सावलीत लिहिलेला. ब्रिटनमध्ये दोन छोट्या सीझनपुरता असह्य बॉस चालून गेला. अमेरिकेत मात्र वर्षाला वीस-बावीस भाग करायचे होते, आणि इतका वेळ ज्याच्यासोबत काढायचा तो माणूस निदान थोडा तरी आवडायला हवा. त्यातच २००५ च्या उन्हाळ्यात कॅरेलचा एक सिनेमा गाजला आणि त्याच्यातला भाबडेपणा लोकांना किती भावतो हे निर्मात्यांना दिसलं. मायकल स्कॉटला त्यांनी तो भाबडेपणा दिला. केसांची रचना त्यासोबत बदलली.

लेखक बदलला की मालिका बदलते

पडद्यावर तेच चेहरे दिसतात म्हणून आपल्याला वाटतं मालिका तीच आहे. पण सिटकॉम मुख्यतः लेखकांच्या खोलीत घडतो, आणि त्या खोलीच्या प्रमुखाला, शोरनरला, बदललं की विनोदाची चवच बदलते. 'कम्युनिटी'चा कर्ता डॅन हार्मन याला २०१२ मध्ये, तीन सीझननंतर, काढून टाकलं. चौथा सीझन पाहताना माणसं तीच असूनही कोणीतरी त्यांची नक्कल करतंय असं वाटत राहतं. पाचव्या सीझनला हार्मनला परत बोलावलं.

चांगल्या बाजूचं उदाहरण म्हणजे 'अ डिफरंट वर्ल्ड'. १९८७ मध्ये ही मालिका 'द कॉस्बी शो'मधल्या डनीस या मुलीच्या कॉलेजजीवनावर सुरू झाली. कॉलेज काल्पनिक, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या जुन्या कॉलेजांच्या धर्तीवरचं. प्रेक्षक भरपूर मिळाले, पण त्या कॉलेजांमधलं खरं आयुष्य यात कुठे दिसतं, अशी टीका झाली. दुसऱ्या सीझनला डेबी अॅलन यांनी सूत्रं घेतली. त्या स्वतः हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या. त्यांनी लेखकांना अशा कॉलेजांमध्ये नेलं, विद्यार्थ्यांशी बोलायला लावलं. त्याच वेळी डनीसची भूमिका करणारी लिसा बोने गरोदरपणामुळे मालिकेतून बाहेर पडली होती. मुख्य पात्रच गेलं म्हणजे मालिका संपायला हवी होती. झालं उलटं. ड्वेन आणि व्हिटली ही बाजूची दोघं मध्यभागी आली, वसतिगृह आणि कॅन्टीन खरं वाटू लागलं, वर्णभेद, एड्स असे विषय विनोदाला धक्का न लावता आत आले. शीर्षकगीतही अरेथा फ्रँकलिनच्या आवाजात नव्याने आलं. पहिला सीझन आणि नंतरचे पाच सीझन या जवळजवळ दोन वेगळ्या मालिका आहेत, आणि दुसरी कितीतरी मोठी आहे.

'मॅश'मध्ये हा बदल हळूहळू झाला. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची ही मालिका १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा खोडकर होती. मूळ लेखक-निर्माता लॅरी गेलबार्ट चार सीझननंतर गेला, मुख्य नट अॅलन आल्डाचा लेखन-दिग्दर्शनातला वाटा वाढला, आणि सूर गंभीर होत गेला. शस्त्रक्रियेच्या प्रवेशांना ध्वनिपट्टीवरचा हशा लावायचा नाही, हे मात्र आधीपासूनच ठरलं होतं. खरं युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा सीझन. इतक्या काळात तीच थट्टा मस्करी टिकली असती तर ती क्रूर वाटली असती.

माणसं वाढतात, आजारी पडतात, जातात

सगळ्यात आधी मुलं. तान्ह्या बाळांना कायद्याने सेटवर फार थोडा वेळ ठेवता येतं, म्हणून एका बाळासाठी बहुधा जुळी घेतात. ती जुळी दोन वर्षांची होईपर्यंत ठीक असतं, मग त्यांना संवाद द्यावे लागतात आणि गाडी अडते. 'मॉडर्न फॅमिली'त तिसऱ्या सीझनला लिलीच्या जागी दुसरी, बोलकी मुलगी आली. 'ग्रोइंग पेन्स'मध्ये धाकटी क्रिसी एका सीझनच्या शेवटी अगदी लहान होती आणि पुढच्याच्या सुरुवातीला थेट सहा वर्षांची. दुपट्यातल्या बाळाला विनोद सांगता येत नाही, सहा वर्षांच्या मुलीला येतो, इतकं सरळ कारण.

कलाकारांचं गरोदरपण लपवायला टेबलं, कुंड्या, मोठे कोट वापरले जातात, किंवा ते कथेत घेतलं जातं. 'फ्रेंड्स'मध्ये लिसा कुड्रो गरोदर असताना फीबीने भावासाठी तिळं जन्माला घातल्याचं कथानक त्यातूनच आलं.

नट कायमचा जातो तेव्हा दोन वाटा असतात. एक, त्याच पात्राला नवा चेहरा द्यायचा. 'बिविच्ड'मध्ये डिक यॉर्कची पाठ इतकी दुखावली होती की १९६९ मध्ये त्याला काम सोडावं लागलं. डिक सार्जंट आला, पात्राचं नाव तेच, बायको तीच, घर तेच, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. दुसरी वाट नव्या पात्राची. 'चिअर्स'मध्ये म्हातारा, भोळा बारटेंडर कोच सगळ्यांचा लाडका होता. ही भूमिका करणारे निकोलस कोलासांटो १९८५ मध्ये वारले. लेखकांनी कोचसाठी दुसरा म्हातारा शोधला नाही. त्यांनी खेड्यातून आलेला तरुण वुडी आणला, कोचचा पत्रमित्र म्हणून, आणि हे दोघे एकमेकांना पत्रांऐवजी पेनं पाठवायचे अशी मल्लिनाथी केली. एका वाक्यात जुन्या माणसाची आठवण राहिली आणि नव्याचा भोळेपणाही कळला.

दुसरी वाट कठीण आहे, पण जवळजवळ नेहमी तीच बरी. नव्या चेहऱ्याला जुनं पात्र दिलं की प्रेक्षक प्रत्येक भागात तुलना करत बसतो. नवं पात्र आलं की बाकीच्यांशी त्याची नाती पहिल्यापासून जुळवावी लागतात, आणि सिटकॉमचं इंधन तेच असतं. 'चिअर्स'मधूनच १९८७ मध्ये शेली लाँग गेली. पुस्तकी, अभिमानी डायनच्या जागी त्यांनी कर्स्टी अॅलीची रेबेका आणली, पूर्ण वेगळ्या स्वभावाची, नायकाची वरिष्ठ म्हणून. मालिका आणखी सहा सीझन चालली.

करार आणि सातवं वर्ष

आता पडद्यामागचा पैसा, कारण मोठ्या नटांचं जाणं बहुतेक वेळा इथे ठरतं. पायलटच्या वेळीच नटाकडून पुढच्या सहा-सात वर्षांची सही घेतली जाते. दर वर्षी त्याला ठेवायचं की नाही हे निर्माता ठरवतो. नटाला मात्र मधेच सोडता येत नाही. सही करताना तो बहुधा अनोळखी असतो, त्यामुळे मानधन बेताचं. सातच का? कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कोणालाही अशा वैयक्तिक सेवेच्या कराराने सात वर्षांपेक्षा जास्त बांधून ठेवता येत नाही. ऑलिव्हिया द हॅव्हिलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध लढलेल्या खटल्यात १९४४ मध्ये हे पक्कं झालं. 'हॅपी डेज'मधून रॉन हॉवर्ड सात सीझननंतर गेला, 'द ऑफिस'मधून स्टीव्ह कॅरेल सातव्या सीझनमध्ये. हा योगायोग नाही.

कंपनीच्या बाजूचं गणित असं. वाहिनी प्रत्येक भागासाठी जी रक्कम देते ती बहुधा निर्मितीखर्चापेक्षा कमी असायची. निर्माती कंपनी वर्षानुवर्षं तोटा सोसायची. तो भरून निघायचा जुने भाग स्थानिक केंद्रांना रोजच्या पुनर्प्रक्षेपणासाठी विकून, आणि त्यासाठी साधारण शंभर भाग हाताशी लागायचे. म्हणजे चार-पाच सीझन. तोवर मालिका बंद पडणं म्हणजे सगळा तोटा अंगावर. म्हणून नट गेला, भांडण झालं, तरी नवी माणसं घेऊन गाडा ओढत राहायचं.

नट आणि कंपनी यांच्यातली ही ओढाताण किती विद्रूप होऊ शकते ते 'थ्रीज कंपनी'त दिसलं. १९८० मध्ये सुझन सोमर्सने दर भागाचं मानधन ३०,००० डॉलरवरून १,५०,००० करावं अशी मागणी केली. तिचा सहकलाकार जॉन रिटर याच्या बरोबरीचं. नकार आला. ती काही भागांना आली नाही. पण करार शिल्लक होता, म्हणून उरलेल्या काळात तिच्या क्रिसीला आजारी आईकडे गावी पाठवलं गेलं, आणि भागाच्या शेवटी ती फक्त फोनवर मिनिटभर दिसायची. ते प्रवेश बाकीच्या कलाकारांपासून वेगळे, तिला एकटीला घेऊन चित्रित होत. मालिकेचा एक मुख्य चेहरा, आणि सहकलाकारांशी गाठभेटच नाही. तिच्या जागी आधी क्रिसीची चुलतबहीण आली, मग टेरी नावाची नर्स. प्रेक्षकाला दिसला तो फक्त बदललेला चेहरा. समान कामाला समान दाम मागितल्याची ती शिक्षा होती, आणि तिची बाजू आज वाचताना मला तीच रास्त वाटते.

'फ्रेंड्स'च्या सहा जणांनी वेगळा मार्ग धरला. मानधनाची बोलणी सगळ्यांनी मिळून करायची आणि सगळ्यांना सारखंच घ्यायचं. पहिल्या सीझनच्या २२,५०० डॉलरपासून शेवटच्या दोन सीझनला प्रत्येकी दर भागाला दहा लाख डॉलरपर्यंत ते पोचले. एकालाही वगळून मालिका चालवणं शक्य नव्हतं, म्हणून दहा सीझन सहाही चेहरे कायम राहिले. 'द बिग बँग थिअरी'त २०१७ मध्ये पाच जुन्या कलाकारांनी आपल्या मानधनातले दर भागामागे प्रत्येकी लाख डॉलर सोडले, नंतर आलेल्या दोन अभिनेत्रींना वाढ मिळावी म्हणून. पुढे जिम पार्सन्सने थांबायचं ठरवलं तेव्हा त्याच्याशिवाय मालिका पुढे रेटायची नाही असं निर्मात्यांनी ठरवलं, आणि २०१९ मध्ये बाराव्या सीझनला पडदा पडला.

त्याउलट 'टू अँड अ हाफ मेन'. २०११ मध्ये चार्ली शीनला निर्मात्यांशी झालेल्या जाहीर भांडणानंतर काढलं, पात्राला मारून टाकलं, अॅश्टन कचर आला आणि मालिका आणखी चार सीझन चालली. नाव तेच, घर तेच, भाऊ तोच. पण सगळा विनोद ज्या बेफिकीर माणसाभोवती फिरत होता तोच नव्हता.

मालिकेच्या उतारवयात लावल्या जाणाऱ्या लग्नांबद्दल, अचानक जन्मलेल्या बाळांबद्दल आणि पाहुण्या स्टार्सबद्दल फार लिहायला नको. दीडशे भागांनंतर लेखकांचे विषय संपलेले असतात, आणि पात्राची एक लकब ताणून ताणून तोच त्याचा सगळा स्वभाव होऊन बसतो.

स्ट्रीमिंगवर हे चित्र बदललं आहे. आठ-दहा भागांचा सीझन, तो बहुधा आधी पूर्ण लिहून, चित्रित करून, एकदम प्रसिद्ध होतो. प्रेक्षकांचा प्रतिसाद कळतो तेव्हा सगळं झालेलं असतं, आणि दोन-तीन सीझनमध्ये मालिका बंद होण्याचं प्रमाणही मोठं आहे. चेहरे टिकतात, सूर एकसंध राहतो. पण मधेच कुणी सापडण्याची शक्यता जवळजवळ संपते. 'फॅमिली मॅटर्स' ही १९८९ ची मालिका एका पोलीस अधिकाऱ्याच्या कुटुंबाची होती. पहिला सीझन बराच पुढे गेल्यावर त्यात शेजारचा चष्मेवाला, किरट्या आवाजाचा स्टीव्ह अर्कल एका भागापुरता आला. प्रेक्षकांनी असा काही प्रतिसाद दिला की लेखकांनी त्याला पुन्हा बोलावलं, आणि मालिका १९९८ पर्यंत चालली ती मुख्यतः त्याच्या जिवावर. आज ती आठ भागांत संपवून एका रात्रीत प्रसिद्ध केली असती, तर अर्कल लिहिलाच गेला नसता.